मित्राच्या जिम्नीला डिफ लॉकर निवडला त्याचं सगळं प्रकरण

मित्राचा फोन आला तेव्हा त्याचं ठरलेलंच होतं. "लॉकर बसवायचाय, कुठला घेऊ तेवढं सांग." मी म्हटलं आधी गाडी नेमकी कुठे आणि कशी अडकते ते दाखव, मग बोलू. डिफ म्हणजे डिफरन्शियल, अॅक्सलच्या मधला गिअरचा संच, ज्यामुळे वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात, आणि लॉकर त्याच दोन चाकांना हवं तेव्हा एकत्र बांधतो. लॉकर हा काही वरून लावायचा पार्ट नाही, डिफ उघडून त्यातलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राउन व्हील, काढून आत बसवायचा असतो, आणि एकदा बसला की माणूस वर्षानुवर्षं त्याच्याबरोबरच गाडी चालवतो. ऐकीव गोष्टींवर निवडायची ही वस्तूच नाही. पुढे जे झालं ते सगळं लिहितोय, आमचं कुठे चुकलं तेही.

गाडी म्हणजे सुझुकी जिम्नी, जेबी७४, म्हणजे तीन दारांची, मॅन्युअल. १.५ लिटर पेट्रोल, १३० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त २२५० मिमी, लो रेंज (हळू पण जास्त जोराचा गिअर) २.००२, डिफचा रेशो ४.०९. रिकामी गाडी ११०० किलोच्या आसपास, पण याने पुढे लोखंडी बंपर लावलाय, मागे सामान असतं, दोन माणसं धरली की १३५० पर्यंत जाते. टायर २१५/७५ आर १५, म्हणजे मूळच्यापेक्षा अगदी थोडेसे मोठे. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी रोजच्या वापरातली आहे, त्याची बायको पण चालवते, पावसात पण चालते, त्यामुळे रस्त्यावर ती आजच्यासारखीच वागली पाहिजे ही पहिली अट.

जागा अशी होती की ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर चढणारी वाट, चढ साधारण २५ अंशांचा आणि मध्येच गुडघ्याएवढी खडकाची पायरी, ती पण तिरकी. पुढचं उजवं चाक पायरीवर चढलं की पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरपी दोन चाकं हलकी पडायची, मागचं तर चक्क हवेत लटकायचं आणि जागेवर फिरत बसायचं. बाकीची दोन चाकं खडकाला घट्ट चिकटलेली, पण ती हलायचीच नाहीत.

हे का होतं ते नीट समजून घेतलं की पुढची निवड अर्धी सोपी होते. साधा ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. आता सारखा म्हटल्यावर ऐकायला बरं वाटतं पण घोळ तिथेच आहे, कारण हवेतल्या चाकाला फिरायला समजा १०० न्यूटन मीटरच लागतात, तर खडकावरच्या चाकालाही तेवढेच १०० मिळणार, इंजिनात कितीही दम असू दे. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना लो रेंजमधून जोर मिळत असताना, पुढचा आणि मागचा अॅक्सल ट्रान्सफर केसमधून (जोर पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) एकमेकांना बांधलेले असतात, पण प्रत्येक अॅक्सलचं एकेक चाक हलकं पडलं की दोन्ही अॅक्सल एकदमच हात टेकतात.

जिम्नीत ब्रेक एलएसडी आहे, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला गाडी आपणहून ब्रेक लावते. ब्रेकने त्या चाकावर ५०० चा अडथळा आणला तर त्याच अॅक्सलच्या दुसऱ्या चाकालाही साधारण ६०० मिळतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी गाडी निघते, आणि ही गोष्ट काही कमी नाही. पण तो जागा होण्यासाठी चाक आधी फिरावं लागतं, मग पाय जास्त दाबावा लागतो, मग चाक जोरात फिरताना अचानक पकडलं जातं आणि गाडी धक्का खाऊन उडी मारते. मित्राची हीच तक्रार होती, "चढते रे, पण दर वेळी काहीतरी तुटेल असं वाटतं." त्याचं बरोबरच होतं, अॅक्सल शाफ्ट आणि सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या पुढच्या चाकांपर्यंत जोर नेणारा सांधा) तुटतात ते बहुतेक अशा धक्क्यानेच.

लॉकरच्या आधी आम्ही दोन गोष्टी केल्या. टायरची हवा २६ पीएसआयवरून १५ वर आणली आणि तीच पायरी परत करून बघितली. आधी क्वचित चढायची ती निम्म्या वेळा चढायला लागली, फक्त थोडा वेग घ्यावा लागायचा. लॉकरच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं असं मला अगदी मनापासून वाटतं, यात काहीच बसवावं लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एकाने बाहेर उभं राहून प्रत्येक प्रयत्नात कुठलं चाक किती वेळ हवेत आहे ते लिहून काढलं. कागद बघितला तर सगळ्यात जास्त वेळा मागचं उजवं चाकच गुन्हेगार निघालं.

पुढे की मागे

मित्राने कुठेतरी ऐकलं होतं की लॉकर आधी पुढे बसवावा, पुढची चाकं गाडीला वर ओढून नेतात. मी म्हटलं जरा हिशोब करू. सपाटीवर या गाडीचं वजन पुढे निम्म्याहून थोडं जास्तच असतं, पण २५ अंशांच्या चढावर ते मागे सरकतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटरवर धरला तर ढोबळ हिशोबाने मागच्या अॅक्सलवर ६० टक्के आणि पुढे ४० टक्के वजन येतं. जिकडे वजन तिकडे पकड, आणि आपल्याला लॉकर हवाय तो चढासाठीच, मग मागचा लॉक केला तर प्रत्येक चढावर जास्त काम होणार.

दुसरं म्हणजे पुढचा डिफ लॉक झाला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात, आणि वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, त्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि गाडी सरळच पळायला बघते. वर स्टिअरिंग पूर्ण वळवून लॉक केलेल्या पुढच्या अॅक्सलवर जोर लावला तर सीव्ही जॉइंट सगळ्यात कमजोर कोनात असतो. पुढचा लॉकर वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण पहिला लॉकर मागे, यावर आमचं एकमत झालं. मागे लॉक केल्यावर ब्रेक एलएसडीला तिथे करण्यासारखं काही उरत नाही पण पुढे तो काम करत राहतो, म्हणजे ही जोडी एकमेकांना पूरकच आहे.

शाफ्टचा पण हिशोब केला. पहिला गिअर ४.४२५, लो २.००२, डिफ ४.०९, गुणाकार ३६ च्या वर जातो, म्हणजे १३० चे चाकांपर्यंत कागदावर ४७०० न्यूटन मीटर. ओपन डिफमध्ये एका शाफ्टवर अॅक्सलच्या टॉर्कचा अर्धाच भाग येतो, लॉक केल्यावर एक चाक हवेत असेल तर सगळा टॉर्क एकट्या शाफ्टवर. सुदैवाने टायर त्याआधी घसरतो, त्या चाकावर ७५० किलो आणि कोरड्या खडकाची चांगली पकड धरली तरी साधारण २००० ला टायर सुटतो. शिवाय १३० चा टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो, आयडलला रांगताना तेवढा नसतोच. म्हणजे हळू चालवलं तर शाफ्टला सांभाळून घेता येतं, चाक हवेत गरगर फिरवून एकदम जमिनीवर आदळलं तर मात्र कुठलाच हिशोब लागू होत नाही.

कुठला लॉकर

इथे मी जास्त वेळ घालवला आणि मला वाटतं तो घालवायलाच हवा. लॉकर किती घट्ट लॉक होतो, किती पटकन होतो हे सगळेच विचारतात. पण लॉक झाल्यावर जवळपास सगळेच शंभर टक्के लॉक होतात, दात दातात बसले की बसले, त्यात फार डावं-उजवं करण्यासारखं नसतं. खरा फरक आहे तो सुटतो कसा यात, तुम्हाला हवा तेव्हा सुटतो का, आणि बिघडला तर लॉक अवस्थेत बिघडतो की उघड्या. मी मित्राला म्हटलं प्रत्येक प्रकाराला हाच एक प्रश्न विचारत जाऊ.

ऑटोमॅटिक लॉकर पहिल्याच फटक्यात बाद झाले. डेट्रॉइट लॉकरसारखे किंवा जुन्या डिफच्या घरातच बसणारे छोटे लंचबॉक्स लॉकर मजबूत असतात आणि त्यांना वायर, नळी, स्विच काहीच लागत नाही, पण ते मूळचेच लॉक असतात आणि वळणावर बाहेरचं चाक पुढे पळालं की आपापले सुटतात, पाय दाबला की परत पकडतात. सुटायचं कधी ते तुमच्या हातात नाही. लांब आणि जड गाडीत लोक याची सवय करून घेतात, पण २२५० च्या व्हीलबेसवर ओल्या डांबरी वळणावर मध्येच पकडलं तर मागचा भाग बाजूला फेकला जाऊ शकतो, आणि गाडी घरात दोघं चालवतात. ईटनचा जो मेकॅनिकल लॉकर असतो, दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आपोआप लॉक होणारा, तो रस्त्यावर जास्त समजूतदार आहे कारण ३० किमीच्या वरच्या वेगाला तो लॉकच होत नाही, पण पायरीवर त्यालाही आधी चाक फिरवून दाखवावंच लागतं. तो धक्का टाळण्यासाठीच तर आपण हे सगळं करतोय.

मग राहिले स्विचवाले, म्हणजे सिलेक्टेबल. यात केबलचा प्रकार मला स्वतःला आवडतो, लिव्हर ओढली की आतला फोर्क सरकतो, वीज नाही हवा नाही. पण केबलमध्ये चिखल गेला किंवा ती वाकली तर लॉकर आहे त्या अवस्थेत अडकून बसू शकतो, आणि छोट्या गाडीत केबल मोठ्या वळणाने न्यायला जागा पण कमी.

मोटरवाला इलेक्ट्रिक, जसा टोयोटा काही गाड्यांत कंपनीतूनच देते, त्यात छोटी मोटर फोर्क सरकवते आणि पूर्ण लॉक होईपर्यंत डॅशवरचा दिवा लुकलुकत राहतो. तो लुकलुकणारा दिवा फार मोलाचा आहे, त्याचं कारण पुढे येईलच. पण मोटर गेली तर हा पण आहे तिथेच राहतो, लॉक असताना गेली तर लॉकच.

कॉइलवाला इलेक्ट्रिक, म्हणजे बटण दाबलं की आतली विद्युतचुंबकी कॉइल ओढते, यावर आम्ही बराच वेळ अडलो होतो. नळ्या नाहीत, कॉम्प्रेसर नाही, दोन वायरी फक्त, आणि वायर तुटली की डिफ उघडा, म्हणजे आपल्या प्रश्नाला उत्तर चांगलं. पण यातल्या बॉल रॅम्प पद्धतीच्या लॉकरला लॉक व्हायला चाकांच्या फिरण्यात थोडा फरक लागतो, गोळ्या रॅम्पवर चढल्या की मग पिना दातात ढकलल्या जातात. आणि पुढची दिशा बदलून मागची झाली की गोळ्या रॅम्पच्या मधून पलीकडे जातात, तेवढ्या क्षणापुरता लॉक सुटतो आणि परत बसतो. सगळे कॉइलवाले असे नसतात, थेट ओढणारे पण असतात, म्हणून घेताना आतली रचना विचारून घ्यावी. आम्हाला जो मिळत होता तो बॉल रॅम्पचा होता. आणि पायरीवर आमची पद्धत काय, तर जमलं नाही की फूटभर मागे यायचं आणि परत पुढे, म्हणजे दर वेळी सुटणार आणि झटक्याने पकडणार. वाळूत किंवा चिखलात सरळ जाणाऱ्याला हे जाणवणारही नाही, पण आमच्या खडकासाठी मला ते पटलं नाही.

शेवटी एअर लॉकर. ही कल्पना जुनीच आहे, ऑस्ट्रेलियातल्या एआरबीने १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉक विकत घेऊन ती पुढे नेली आणि आज असे लॉकर अजून काही कंपन्या बनवतात. कॉम्प्रेसरमधून १०० पीएसआयच्या आसपास हवा डिफमध्ये जाते, पिस्टन ढकलला जातो, दात दातात बसतात आणि साइड गिअर (चाकाच्या शाफ्टला जोडलेला डिफमधला गिअर) डिफच्या केसला बांधला जातो. स्विच बंद केला की सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) हवा बाहेर सोडतो आणि स्प्रिंगा दात मागे ओढतात. नळी कापली गेली, कॉम्प्रेसर जळला, फ्यूज गेला, काहीही झालं तरी हवा नाही म्हणजे डिफ उघडा आणि गाडी रस्त्याने घरी येते. पुढे-मागे केल्यावर पण तो सुटत नाही. तोटा काय, तर गळायच्या जागा भरपूर, आतली ओ-रिंग, डिफच्या आतली तांब्याची नळी, बाहेरची नायलॉनची नळी, प्रत्येक जोड. पण मित्र हवा १५ पर्यंत उतरवतोच, म्हणजे परत भरायला त्याला गाडीवर कॉम्प्रेसर तसाही हवाच होता. या एका गोष्टीने पारडं फिरलं. त्याला टायरमध्ये हवा भरावी लागत नसती आणि इलेक्ट्रिक लॉकर थेट ओढणारा मिळाला असता तर मी कदाचित दुसरंच सुचवलं असतं.

बसवणं

जिम्नीच्या मागच्या अॅक्सलचा डिफ समोरून अख्खा बाहेर येतो, त्यामुळे काम टेबलावर करता येतं, हा मोठा फायदा. काकांनी, म्हणजे आमच्या मिस्त्रींनी, सोडायच्या आधीच क्राउन व्हील आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, यांच्या दातांमधली मोकळीक (बॅकलॅश) डायल गेजने मोजून लिहून ठेवली, ०.१४ मिमी भरली, नवीन लॉकर घालून ०.१५ वर आणली. पिनियनला हात लावला नाही कारण फक्त केस बदलत होती, पण रंग लावून दातांचा ठसा मात्र तपासला, तो मधोमध आला तेव्हाच पुढे गेलो. क्राउन व्हीलचे बोल्ट साफ करून थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून समोरासमोरचे आळीपाळीने टॉर्क रेंचने आवळले. नळीसाठी भोक पाडताना ड्रिलला ग्रीस फासलं म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, आणि आतली तांब्याची नळी क्राउन व्हीलला कुठेच घासत नाही ना ते हाताने पूर्ण फिरवून बघितलं. ऑइल १००० किमीला बदललं, मॅग्नेटच्या बोल्टला थोडी बारीक पूड होती, तेवढी चालते.

चूक झाली ती बाहेरच्या नळीत, आणि ती दुसऱ्या गॅरेजमध्ये वायरिंग करताना झाली. नायलॉनची नळी चेसिसवरून अॅक्सलवर येते तिथे ढील कमी ठेवली होती. गाडी सपाट उभी असताना सगळं नीटनेटकं दिसत होतं. पहिल्याच ट्रिपला अॅक्सल एका बाजूने पूर्ण खाली लोंबला, नळी ताणली, जोडातून हवा सुटायला लागली, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद, आणि चढाच्या मध्यावर लॉक सुटला. गाडी मागे घेतली आणि दुसऱ्या वाटेने गेलो, डिफ उघडा असल्याने काहीच अडलं नाही. परत आल्यावर एक चाक उंचावर चढवून अॅक्सल पूर्ण लोंबवला आणि तशा अवस्थेत नळी परत मापली. मग लॉकर चालू करून कॉम्प्रेसरची वायर काढली आणि १५ मिनिटं गेज बघत बसलो, काटा हलला नाही. ही चाचणी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. ज्यांच्याकडे असा लॉकर आहे त्यांनी डिफच्या ब्रीदरवर (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) पण लक्ष ठेवावं, आतली ओ-रिंग गेली की हवा हाऊसिंगमध्ये भरते आणि ब्रीदरमधून ऑइल बाहेर फेकलं जातं. सोलेनॉइडच्या तोंडाशी चार थेंब ऑइल दिसलं तर घाबरायचं कारण नाही, सतत येत असेल तर बघावं.

पायरीवर आणि पायरीनंतर

त्याच पायरीवर परत गेलो. खाली सपाटीला थांबून, क्लच दाबून लॉक केला, चाक फिरत असताना कधीच लॉक करायचा नाही हे त्याला दहा वेळा सांगितलं होतं. पहिला गिअर, फोर लो, वेग अजिबात न घेता, इंजिन आयडलच्या थोडं वर. मागचं उजवं चाक हवेत गेलं आणि डाव्या चाकाच्याच वेगाने शांतपणे फिरत राहिलं, गाडी चढून गेली. मित्र वर जाऊन इंजिन बंद करून दोन मिनिटं नुसता बसून राहिला होता. मलाही भरून आलं, इतके दिवस त्या दगडावर घालवले होते.

पण जे खरं शिकायला मिळालं ते त्याच दिवशी अर्ध्या तासाने. वरची वाट आडव्या उताराची, ओली माती, आणि तो लॉक काढायला विसरला होता. उघड्या डिफमध्ये मागचं एक चाक घसरलं तरी दुसरं निवांत असतं आणि गाडीला बाजूने धरून ठेवतं, लॉक असताना दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि मागचा भाग सरळ उताराकडे निघतो. तसाच तो निघाला, हातभर सरकला. त्याने घाईने स्विच बंद केला, दिवा विझला, तरी गाडी तशीच ओढत होती. तो ओरडला, "अरे सुटला ना, दिवा गेला की!"

दिवा गेला होता पण दात सुटले नव्हते. हवा निघून गेली तरी दातांवर टॉर्कचा ताण असेल तर स्प्रिंगांना ते ओढून काढता येत नाहीत. या लॉकरचा दिवा स्विचची अवस्था दाखवतो, आतल्या दातांची नाही, म्हणून मी वर त्या लुकलुकणाऱ्या दिव्याला मोलाचा म्हटलं. मी त्याला पाय पूर्ण काढायला लावला, क्लच दाबून, ब्रेक सैल करून गाडी अगदी दोन-चार इंच मागे सरकू दिली, स्टिअरिंग सरळ केलं, आणि मागून बारीकसा टक आवाज आला. मग गाडी हलक्या हाताने पुढे नेली.

त्यानंतर आम्ही एक पूर्ण सकाळ मोकळ्या मैदानात फक्त लॉक सोडवण्याची प्रॅक्टिस केली. लॉक करायचा, थोडं वळायचं म्हणजे शाफ्टमध्ये पीळ बसतो, मग स्विच बंद करून तो कधी सुटतो ते कानाने आणि स्टिअरिंगवरून ओळखायचं. बायकोलाही शिकवलं. आता त्याला दिव्याकडे बघावं लागत नाही, आणि पायरी संपली की त्याचा हात आपोआप स्विचवर जातो.

पुढच्या लॉकरचं त्याने परत काढलंय. मी म्हटलं अजून एक हंगाम असाच चालव, वहीत लिहीत जा की मागचा लॉक असूनही गाडी किती वेळा आणि कुठल्या चाकामुळे अडली, मग ठरवू. कॉम्प्रेसरच्या दुसऱ्या आउटलेटला तोवर प्लग लावून ठेवलाय.